हिमेजीच्या किल्ल्याला नव्वद मिनिटे पुरत नाहीत

गेल्या नोव्हेंबरात मी, पत्नी आणि एकाहत्तर वर्षांचे माझे बाबा असे तिघे जपानला गेलो होतो आणि त्या दहा दिवसांत हिमेजीचा किल्ला आम्ही दोनदा पाहिला. दोनदा पाहण्याचा बेत मुळात नव्हता. पहिल्यांदा आम्ही एका सहल कंपनीच्या गटाबरोबर गेलो. छापील कार्यक्रमात ‘हिमेजी किल्ला : ९० मिनिटे’ असे लिहिले होते, आणि ही नव्वद मिनिटे बस वाहनतळावर थांबल्या क्षणापासून मोजली जातात हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. हातात झेंडी घेतलेल्या मार्गदर्शकाने आम्हाला चढावरून जवळजवळ पळवतच मुख्य मनोऱ्यापर्यंत नेले, तिथे जिन्याखालच्या रांगेत वीस मिनिटे गेली, वर पोहोचल्यावर खिडकीतून एक फोटो काढला आणि उतरायला सुरुवात झाली. बाबांनी उमेदीच्या काळात राजगड, तोरणा, रायगड कितीतरी वेळा केलेले आहेत. बसमध्ये बसल्यावर ते एवढेच म्हणाले, “दरवाजे बघायचे राहिलेच रे.” गटाची सहल ओसाकात संपल्यावर आमच्याकडे दोन दिवस मोकळे होते, त्यातला एक आम्ही पुन्हा हिमेजीला दिला. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या भेटीवरून.

ओसाकाहून ‘शिनकाइसोकु’ नावाची जलद गाडी साधारण तासाभरात हिमेजीला पोहोचवते. शिनकानसेन या अतिवेगवान गाडीने शिन-ओसाकाहून अर्धाच तास लागतो, परंतु वाचलेल्या वेळाच्या मानाने पैसे बरेच जास्त मोजावे लागतात. स्थानकाच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडले की सरळ रेषेतल्या रुंद रस्त्याच्या टोकाशी, सुमारे एक किलोमीटरवर, किल्ला समोरच उभा दिसतो. बस मिळते, तरीही हे अंतर चालावे, कारण पंधरा-वीस मिनिटे तो पांढरा मनोरा पावलागणिक मोठा होत जाताना पाहणे हा या भेटीचाच भाग आहे. सामान असल्यास ते स्थानकावरच्या नाणी टाकून उघडणाऱ्या लॉकरमध्ये ठेवावे. पुढच्या जिन्यांवर पाठपिशवीसुद्धा नकोशी होते.

आम्ही गेलो तेव्हा प्रौढांचे तिकीट १,००० येन होते, म्हणजे आपल्या हिशेबाने सहाशे रुपयांच्या आसपास. १ मार्च २०२६ पासून हिमेजी शहराबाहेरून येणाऱ्या प्रौढांसाठी ते २,५०० येन झाले आहे. स्थानिक रहिवाशांना जुनाच दर आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. एका फटक्यात अडीचपट वाढ ऐकून कोणाच्याही कपाळाला आठी पडेल, माझ्याही पडली. परंतु चारशे वर्षे जुनी लाकडी इमारत रोज हजारो पायांखाली टिकवायची, तर तो खर्च ज्यांच्या अंगणात ती उभी आहे त्यांच्याच करातून का काढावा, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. नव्या दरानेही हे तिकीट मी काढीन, पण नव्वद मिनिटांसाठी काढणार नाही.

आज दिसतो तो किल्ला इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०१ ते १६०९ या काळात उभारला. त्याआधी इथे हिदेयोशी या सेनापतीचा तीन मजली मनोरा होता. तेरुमासा हा तोकुगावा इएयासू या सरदाराचा जावई होता, आणि १६०० साली सेकिगाहाराची लढाई जिंकून जपानची सत्ता हाती आल्यावर पश्चिमेकडच्या सरदारांवर वचक ठेवण्यासाठी सासऱ्याला या वाटेवर खात्रीचा माणूस हवा होता. एवढी पार्श्वभूमी डोक्यात असली की पुढचा सारा वेळ सार्थकी लागतो, कारण हा किल्ला राहण्यासाठी कमी आणि आलेल्या शत्रूची दमछाक करण्यासाठी जास्त बांधलेला आहे, आणि ते त्याच्या वाटेवरूनच उलगडत जाते.

तिकीट दाखवून आत शिरल्यावर लागतो तो हिशी दरवाजा, किल्ल्यावरचा सर्वांत मोठा. त्यापुढच्या बऱ्याचशा दरवाज्यांना जुन्या जपानी अक्षरमालेच्या क्रमाने नावे दिलेली आहेत : इ, रो, हा, नि, हो… आपल्याकडे ‘क’ दरवाजा, ‘ख’ दरवाजा म्हणावे तसे. गटाबरोबर असताना हे दरवाजे केवळ सावलीचे तुकडे म्हणून अंगावरून गेले होते. या वेळी सकाळी नऊ वाजता, किल्ला उघडताच आम्ही आत होतो आणि प्रत्येक दरवाज्यापाशी थांबलो. इ आणि रो ओलांडले की रुंद, चढती वाट लागते, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि समोर मनोरा अगदी हाताच्या अंतरावर. इथे शत्रूला वाटावे की आता पोहोचलोच. मग ‘हा’ दरवाज्यानंतर वाट अशी वळते की मनोऱ्याकडे पाठ होते, आणि ‘नि’ दरवाजा तर इतका ठेंगणा व इतक्या काटकोनात बसवलेला आहे की भाला घेतलेल्या माणसाला तो आडवा धरून, मान वाकवूनच शिरावे लागले असते. बाबा तिथे उभे राहून दोन-तीन वेळा मागे-पुढे झाले आणि म्हणाले, “ही गोमुखीच की. फक्त दगडाऐवजी लाकडात केलीय.” रायगडाच्या महादरवाज्यापाशी दोन बुरुजांच्या कुशीत दडलेली वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे कडा आणि बुरूज मिळून जे साधतात, ते इथे पंचेचाळीस मीटरच्या टेकाडावर नुसत्या भिंतींच्या वळणांनी साधले आहे.

त्याहून बेरकी जागा पुढे आहे. लोखंडी पत्रे ठोकलेला ‘हो’ दरवाजा ओलांडला की पाण्याचे दरवाजे म्हणून ओळखली जाणारी मालिका लागते, आणि तिथे वाट चक्क उतरू लागते. मनोरा डोक्यावर आहे, आपण त्याच्या पायथ्याशी आहोत आणि पाय मात्र खाली चालले आहेत. वाट चुकली असे वाटून माणसाने मागे फिरावे, हाच हेतू. पहिल्या भेटीत आमच्या गटातल्या एका काकांनी नेमके इथेच “अहो, आपण परत निघालो का?” असे विचारले होते, म्हणजे चारशे वर्षांनंतरही ती युक्ती लागू पडते आहे.

भिंतींमधल्या जंग्यांविषयी वेगळे लिहायला हवे. गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट आयताकृती अशा चार आकारांची ही छिद्रे संपूर्ण किल्ल्यावर जवळपास हजार आहेत. उभट आयत धनुष्यबाणासाठी, बाकीचे आकार बंदुकीसाठी. प्रत्येक छिद्र आतून रुंद आणि बाहेरून चिंचोळे आहे, त्यामुळे आतल्या माणसाला शस्त्र बाजूला वळवायला जागा मिळते आणि बाहेरच्याला नेम धरायला मिळत नाही. मी एका त्रिकोणी जंगीला डोळा लावला तेव्हा खालच्या वाटेवरून चढणाऱ्या एका शाळकरी मुलाची पिवळी टोपी बरोबर मध्यभागी आली, ती तीन पावले दिसली आणि गेली, आणि तेवढ्यात ती वाट तशी का वळवली असेल ते एखादा परिच्छेद वाचूनही कळले नसते इतके स्वच्छ कळले. गंमत अशी की या जंग्यांमधून शत्रूवर गोळी झाडण्याची वेळच कधी आली नाही. तेरुमासाचा किल्ला बांधून झाला आणि थोड्याच वर्षांत तोकुगावांच्या अंमलाखाली लढायाच थांबल्या.

तटाच्या दगडांकडेही थांबून पाहावे. पायाशी भिंत तिरपी आहे आणि वर जाताना ती उभी होत जाते, उघडलेल्या पंख्याच्या कडेसारखी. चढणाऱ्याला खाली सोपे वाटते आणि निम्म्यावर गेल्यावर हात सुटू लागतात. दगड कमी पडले तेव्हा थडग्यांचे दगड, जुन्या शवपेट्यांचे दगडसुद्धा भिंतीत बसवले. एका ठिकाणी जाळीमागे जात्याची एक तळी जपून ठेवलेली आहे. हिदेयोशीच्या बांधकामाला दगड मिळत नाही असे ऐकून एका गरीब म्हातारीने आपले जाते दिले, अशी तिची दंतकथा आहे. आपल्याकडे प्रत्येक गडाला एक हिरकणी असते, तशी यांची ही म्हातारी.

आता मुख्य मनोरा. जोत्यासह त्याची उंची सुमारे ४६ मीटर आहे. बाहेरून पाच मजले मोजता येतात आणि आत प्रत्यक्षात सहा मजले व एक तळघर आहे. दारापाशी बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात घेऊन फिरायचे. शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेल्या फळ्यांवर मोजे घसरतात, आणि नोव्हेंबरातही लाकूड पायाला थंडगार लागते, तेव्हा जाड आणि तळव्याला पकड असलेले मोजे न्यावेत. जिने हे जिने कमी आणि शिड्या जास्त आहेत. पायऱ्या उंच, रुंदीला कमी, डोक्यावर तुळई. चढण्या-उतरण्याचे जिने वेगळे ठेवल्यामुळे समोरासमोर अडचण होत नाही, पण एकदा रांगेत शिरलात की मध्येच माघार घेणे अवघड. लिफ्ट नाही, आणि चाकाच्या खुर्चीने आत जाण्याची सोय नाही. बाबा दोन्ही वेळा वर गेले, परंतु दुसऱ्या वेळी प्रत्येक मजल्यावर पाच-पाच मिनिटे बसून गेले आणि त्यामुळेच त्यांना त्या मजल्यांवर पाहण्यासारखे काय आहे ते दिसले. कोपऱ्यांमध्ये सैनिकांनी लपून बसायच्या बंद खोल्या आहेत, उंच खिडक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी बांधलेले ओटे आहेत, आणि भिंतींवर बंदुका व भाले अडकवायच्या खुंट्या रांगेने आहेत.

आत मांडलेले सामान जवळजवळ नाही. सोनेरी पडदे, दिवाणखाने, सिंहासने अशा अपेक्षेने युरोपातले राजवाडे पाहून आलेल्या माणसाची इथे निराशा होईल, आणि आमच्या गटातल्या बऱ्याच जणांची झालीही. माझ्या दृष्टीने तो रिकामेपणाच इथली खरी मिळकत आहे, कारण मोकळ्या मजल्यावर लक्ष जाते ते लाकडाकडे. तळघरापासून वरच्या मजल्याच्या तक्तपोशीपर्यंत पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक महाखांब गेलेला आहे, बुंध्याशी जवळपास मीटरभर जाडीचा. पूर्वेचा खांब मूळचा आहे. पश्चिमेचा खांब १९५६ ते १९६४ दरम्यानच्या मोठ्या दुरुस्तीत बदलावा लागला, कारण तो आतून कुजला होता. त्या दुरुस्तीत संपूर्ण मनोरा तुळई-तुळई सुटी करून, खाली नवा पाया घालून पुन्हा जुळवला गेला. नव्या पश्चिम खांबासाठी दोन झाडे सांधावी लागली. बाबांनी त्या खांबावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. रायगडावरचा वाडा १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला आणि आपल्या हाती जोती उरली. त्या जोत्यांवर उभे राहून वरचा वाडा मनात बांधण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी इथे हाताला लाकूड लागणे ही साधी गोष्ट नाही.

सहावा मजला लहान आहे. तिथे ओसाकाबे नावाचे एक देवस्थान आहे आणि चारी बाजूंच्या खिडक्यांतून शहर दिसते. दक्षिणेकडे पाहिले की आपण चालत आलो तो रस्ता पट्टीने आखल्यासारखा स्थानकापर्यंत गेलेला दिसतो. पाच मिनिटे पुरतात.

इमारत पांढरी दिसते ती चुन्याच्या गिलाव्यामुळे. चुना, शिंपल्यांची राख, तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ मिसळून केलेला हा लेप भिंतींना तर आहेच, शिवाय कौलांच्या सांध्यांवरही आहे, आणि त्याचे मूळ काम आगीपासून बचावाचे. या रंगामुळे किल्ल्याला पांढऱ्या बगळ्याचा किल्ला, शिरासागि-जो, म्हणतात. २०१५ मध्ये दुरुस्ती संपून तो पुन्हा उघडला तेव्हा इतका लख्ख दिसत होता की लोकांनी त्या नावावर कोटी करून त्याला ‘अति पांढरा किल्ला’ असे नाव ठेवले. आज सांध्यांवर थोडी काळपट छटा आली आहे आणि माझ्या मते तो आताच अधिक चांगला दिसतो. त्या दुरुस्तीच्या काळात मनोऱ्याभोवती उभारलेल्या आच्छादनातच लिफ्ट बसवून लोकांना छताच्या उंचीवरून कारागिरांचे काम पाहू दिले होते, हे वाचल्यावर मला आपल्याकडचा ‘काम चालू आहे’ हा एकच फलक आठवला.

पश्चिमेकडच्या निशि-नो-मारू या भागाकडे बहुतेक गट फिरकतच नाहीत. आमचाही फिरकला नव्हता. तटाच्या कडेने गेलेली लांबच लांब लाकडी ओसरी, तिला लागून दासींच्या खोल्या आणि शेवटी राजकन्या सेनहिमेचा शृंगारमनोरा असा हा भाग आहे. सेनहिमे ही इएयासूची नात. लहान वयातच तिचे लग्न हिदेयोशीच्या मुलाशी लावले गेले, १६१५ मध्ये आजोबांच्याच फौजेने ओसाकाचा किल्ला पाडला तेव्हा तिचा नवरा त्यात संपला, आणि पुढच्या वर्षी होंदा घराण्यात तिचे दुसरे लग्न झाल्यावर ती इथे राहायला आली. त्या ओसरीत आम्हाला अर्ध्या तासात मोजून आठ माणसे दिसली. खिडकीतून मनोरा पूर्ण उंचीने दिसतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मनोरा सोडून हा भाग आणि बाहेरचे दरवाजे एवढेच पाहिले तरी तिकिटाचे पैसे वसूल होतील.

तक्रारी आहेत. इंग्रजी फलक जागोजागी आहेत, पण ते फार त्रोटक आहेत. जंग्यांच्या आकारांचे कारण, उतरत्या वाटेमागचा डाव यांसारख्या खऱ्या रसाच्या गोष्टी बऱ्याचशा स्वतः शोधाव्या लागतात. मनोऱ्यात बसायला जागा अपुरी आहे. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या मोसमात आणि एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांत इतकी गर्दी होते की मनोऱ्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, तेव्हा ते दिवस टाळावेत. शेवटचा प्रवेश दुपारी चारला बंद होतो आणि २९ व ३० डिसेंबरला किल्ला बंद असतो.

ओसाकाचा किल्ला पाहिला, मग हिमेजी कशाला, असे विचारणारे भेटतात. ओसाकाचा मनोरा १९३१ मध्ये काँक्रीटने बांधलेला आहे, आत लिफ्ट आणि संग्रहालय आहे. नागोयाचा मूळ मनोरा १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळला आणि १९५९ मध्ये काँक्रीटचा उभा राहिला. मूळ बांधणीचे मनोरे जपानभर बाराच उरले आहेत आणि हिमेजी त्यांतला सर्वांत मोठा. जुलै १९४५ मध्ये हिमेजी शहर बेचिराख झाले, त्या रात्री मनोऱ्यावर पडलेला आगबाँब फुटला नाही असे सांगतात. ओसाका वाईट नाही. संग्रहालय म्हणून ते नीटनेटके आहे आणि वयस्कर मंडळींना सोयीचे आहे. पण ते किल्ल्याच्या आकाराचे घर आहे.

जेवणाचे म्हणाल, तर शाकाहारी माणसाची थोडी ओढाताण होते, कारण हिमेजीचे आल्याच्या सोयासॉसमधले प्रसिद्ध ओदेन हे कालवण माशाच्या रश्श्यात शिजते. बदामाचे लोणी लावलेला भाजका पाव मात्र या गावाची खासियत आहे आणि स्थानकाजवळच्या कॉफीच्या दुकानांत तो सहज मिळतो. आम्ही त्यावर आणि सोबत नेलेल्या दशम्यांवर भागवले. पन्नास येन जादा देऊन किल्ल्याच्या तिकिटाबरोबरच शेजारच्या कोको-एन बागेचे तिकीट घेतले होते. ही बाग १९९२ मधली आहे, जुनी नाही, पण नोव्हेंबरात तिथले मेपल लालभडक झालेले असतात आणि थकलेल्या पायांना तास-दीड तास बरा जातो.

एकूण सहा तास लागले. परतीच्या गाडीत बाबांनी माहितीपत्रकातला नकाशा मांडीवर पसरून आम्ही ओलांडलेल्या दरवाज्यांवर पेनाने खुणा करायला घेतल्या. इ, रो, हा, नि, हो, आणि उतरताना नु. मग हिशी दरवाज्याच्या आतल्या खंदकापाशी त्यांचे बोट थांबले. तिथे रु नावाचा एक दरवाजा आहे, तटाच्या दगडांमध्येच काढलेली चिंचोळी वाट, आपल्याकडच्या चोरदरवाज्यासारखी. येता-जाता दोन्ही दिवस मिळून आम्ही त्याच्या समोरून चार वेळा गेलो होतो आणि तिघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.